ट्रक साडेचार महिने उभा होता: संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला खुले पत्र

पुणे, नोव्हेंबर 2025

माननीय सदस्य,
संरक्षणविषयक स्थायी समिती, संसद, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी पुण्याजवळच्या एका लष्करी डेपोत 33 वर्षं मुलकी कर्मचारी होते. त्यातली शेवटची बरीच वर्षं स्टोअरकीपर. माझे वडील पायदळात होते, 1965 आणि 1971 ही दोन्ही युद्धं त्यांनी पाहिली. माझा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, बाहेर पडून नौदलात गेला. संरक्षण हा विषय आमच्या घरात पेपरातून आलेला नाही, म्हणून तिन्ही दलांनी एकत्र काम कसं करावं याबद्दल हे पत्र लिहिण्याचा हक्क मी घेते आहे. आपण 31 जण आहात, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. सैन्यावर लोकांचं नियंत्रण असतं असं आपण म्हणतो, तेव्हा ते नियंत्रण ज्यांच्या हातात असायला हवं ते आपण आहात. मंत्रालयातली फाईल म्हणजे लोक नव्हेत.

आधी एक ट्रक सांगते.

आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकचा सेल्फ स्टार्टर गेला होता. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, आला, मी शिल्लक दाखवणारं बिन कार्ड काढलं, शिल्लक शून्य. इंडेंटवर लाल शाईने ‘एनए’ (उपलब्ध नाही) लिहून परत पाठवला आणि मागणी वर कळवली. सहा किलोमीटरवर दुसऱ्या दलाचं एक युनिट होतं. तिथल्या स्टोअरमधल्या बाई आणि मी रोज एकाच पीएमटी बसने यायचो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘अहो, आमच्याकडे अकरा पडलेत.’ तोच कारखाना, तोच खोका, खोक्यावर कंपनीचा तोच आकडा. फक्त त्यांच्या लेजरमध्ये त्याचा नंबर वेगळा आणि आमच्या लेजरमध्ये वेगळा. एका दलाच्या रॅकवरची वस्तू दुसऱ्या दलाच्या व्हाउचरवर घ्यायची जी काही पद्धत होती, ती पुण्याहून दिल्लीला जाऊन दिल्लीहून पुण्याला परत येणारी होती. मी कागद केले. आमच्या साहेबांनी मनापासून पाठपुरावा केला. ट्रक साडेचार महिने उभा होता. पावसाळा लागला, टायरच्या भोवती गुडघाभर गवत उगवलं, आणि एके दिवशी आमच्याच दलाच्या दुसऱ्या डेपोतून, दोन राज्यं ओलांडून, एक स्टार्टर आला.

यात कोणाचीही लबाडी नव्हती. आळससुद्धा नव्हता. सगळे नियमाने वागत होते, आणि नियमच तीन घरांचे तीन होते. तो शांततेचा काळ होता म्हणून फक्त गवत उगवलं.

खडकवासल्याला आपण पासिंग आउट परेड पाहिली असेल. खेत्रपाल मैदानावर मुलं येतात ती एकाच शिस्तीत, एकाच पावलाने. तीन वर्षं त्यांनी एकाच स्क्वाड्रनमध्ये एकाच मेसचं जेवलेलं असतं, एकाच डोंगरावर धावलेलं असतं. ‘अंतिम पग’ ही शेवटची पायरी ओलांडली की कोणी लष्करासाठी डेहराडूनला जातो, कोणी नौदलासाठी एझिमलाला, कोणी हवाई दलासाठी दुंडिगलला. तिन्ही दलांच्या मुलांना सुरुवातीपासून एकत्र शिकवणारी जगातली ही पहिली संस्था. नेहरूंनी 6 ऑक्टोबर 1949 रोजी तिची कोनशिला बसवली. या मे महिन्यात तिथून पहिल्यांदा 17 मुली बाहेर पडल्या. त्या सकाळी मी तिथे नव्हते, पण टीव्हीसमोर रडले.

माझा मुलगा एकदा सुटीवर आला असताना मी त्याला विचारलं, की एअर फोर्सकडून काही हवं असेल तर तुम्ही काय करता? तो म्हणाला, ‘आई, कागदाने मागितलं तर वेळ जातो. तिथे कोर्समेट असला तर फोन करतो, तासाभरात होतं.’ त्याला त्यात अभिमान होता, आणि मैत्रीचा अभिमान असावाच. मला मात्र पीएमटीतल्या त्या बाई आठवल्या. कोर्समेट नसेल तर काय? त्याची बदली झाली असेल तर? तो शहीद झाला असेल तर?

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आपली तिन्ही दलं एकमेकांच्या मदतीला ओळखीवर धावतात. ती कायद्याने धावली पाहिजेत, आणि तो कायदा आपण करायचा आहे.

हे ओळखीवर चालणं किती महाग पडतं ते आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतानाच्या काळात दिसलं. 1962 मध्ये चीनने मारलं तेव्हा आपलं लढाऊ हवाई दल जमिनीवरच ठेवलं गेलं, जवान वरून मदत येईल म्हणून आभाळाकडे बघत राहिले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला तो त्यानंतर. मग आला 1 सप्टेंबर 1965. जम्मूच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांकडे आले आणि विमानं वापरायची परवानगी मागितली. यशवंतरावांनी ती काही मिनिटांत दिली. मुलकी नेतृत्वाने काय करायचं असतं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. विषय ऐकला, जबाबदारी स्वतःवर घेतली, निर्णय दिला. संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. पण जमिनीवरचं सैन्य आणि आभाळातली विमानं यांच्यात आधी ठरलेलं, घोटवलेलं काहीच नव्हतं. आपली चार व्हॅम्पायर विमानं त्या संध्याकाळी गेली, आणि आपल्या विमानांचा मारा काही ठिकाणी आपल्याच तुकड्यांवर झाला. मंत्र्याचा निर्णय वेळेवर झाला होता. तो निर्णय पेलणारी एकत्र यंत्रणा नव्हती, आणि ती एका दुपारीत उभी राहत नाही.

त्याच युद्धात नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जाऊ नका असं बजावलेलं होतं. 7 सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजं द्वारकेवर तोफा डागून निघून गेली. नौदलातल्या जुन्या माणसांना ती रात्र विचारा, अजून त्यांचा चेहरा बदलतो. सहा वर्षांनी 4 डिसेंबर 1971 च्या रात्री त्याच नौदलाने कराची पेटवली, कारण या खेपेला नौदलप्रमुख नंदा यांनी पंतप्रधानांना आधीच स्पष्ट विचारलं होतं आणि स्पष्ट उत्तर मिळालं होतं. 1971 ला तिन्ही दलं एकदिलाने लढली यात शंका नाही. माझे वडील मात्र म्हणायचे, ‘तेव्हा माणसं जमली होती. दर वेळी जमतीलच असं नाही.’

ती जमली नाहीत कारगिलला. मे 1999 च्या सुरुवातीला घुसखोरी कळली. लष्कराला हेलिकॉप्टर हवी होती. हवाई दलाचं म्हणणं होतं की राजकीय मंजुरीशिवाय हे करता येणार नाही, आणि त्या उंचीवर सशस्त्र हेलिकॉप्टर नेणं धोक्याचं आहे. दोन्ही बाजूंकडे कारणं होती. 25 मे रोजी मंत्रिमंडळ समितीने मंजुरी दिली आणि 26 मे रोजी विमानं उडाली. मधले दिवस कडा चढणाऱ्या जवानांनी काढले. कारगिलमध्ये आपले 527 जण गेले.

त्यानंतर कारगिलचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने स्पष्ट लिहिलं की माउंटबॅटन यांचे सहकारी लॉर्ड इस्मे यांनी आखून दिलेली सुरक्षेची चौकट 52 वर्षांत फारशी बदललेलीच नाही. 2001 मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक प्रमुख, म्हणजे सीडीएस, नेमावा असं सुचवलं. तो प्रमुख पदावर आला 1 जानेवारी 2020 ला. मधे नरेशचंद्र समिती झाली, मग आमच्या पुण्याच्या लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती झाली. कारगिलच्या वर्षी जन्मलेलं मूल तोपर्यंत एनडीएतून बाहेर पडलं होतं.

हा उशीर का झाला तेही मला समजतं. दिल्लीतलं तीन मूर्ती भवन हे इंग्रजांच्या सरसेनापतीचं घर होतं. स्वातंत्र्यानंतर तिथे पंतप्रधान राहायला गेले. 1955 मध्ये सरसेनापती हा हुद्दाच कायद्याने गेला आणि तिन्ही दलांचे प्रमुख बरोबरीचे झाले. 1958 मध्ये शेजारी पाकिस्तानात सेनापती अयूब खान सत्तेवर आले. सगळं सैन्य एका माणसाच्या हाती द्यायचं नाही, हे त्या पिढीने जाणीवपूर्वक ठरवलं होतं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्या भीतीवरचा उपाय दलांना एकमेकांपासून लांब ठेवणं हा नाही. आदेश कोण देतं, कोणाला देतं आणि त्याचा जाब कोण कोणाला देतं हे संसदेच्या कायद्यात लिहिलेलं असणं हा त्यावरचा उपाय आहे.

आता माझ्या तक्रारी.

देशात तिन्ही दलांच्या मिळून 17 कमांड आहेत. लष्कराच्या सात, हवाई दलाच्या सात, नौदलाच्या तीन. यातल्या कुठल्याही दोन दलांच्या कमांडचं मुख्यालय एका गावात नाही. लांब कशाला, महाराष्ट्रातच बघा. लष्कराची दक्षिण कमांड पुण्यात, नौदलाची पश्चिम कमांड मुंबईत, हवाई दलाची देखभाल कमांड नागपुरात. समोर चीनने 2016 मध्येच भारताला लागून असलेली सगळी सरहद्द एका मुख्यालयाखाली आणली. आपल्याकडे त्याच सरहद्दीसाठी किती मुख्यालयांना एकमेकांशी बोलावं लागतं ते आपणच मोजा. तिन्ही दलांची मिळून एक अंदमान-निकोबार कमांड आपण 2001 मध्ये उभी केली, तिचा अनुभव आता 24 वर्षांचा आहे. तो अनुभव काय सांगतो, हे नागरिकांसमोर कधी नीट मांडलं गेलेलं नाही.

थिएटर कमांड, म्हणजे एका आघाडीवरची तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली, होणार हे आम्ही 2020 पासून ऐकतो आहोत. तीन वर्षांत होतील असं तेव्हा सांगितलं होतं. या ऑगस्टमध्ये महूच्या परिसंवादात हवाई दलप्रमुख म्हणाले की घाई करू नये, आधी दिल्लीत एकत्र नियोजनाचं केंद्र करून बघावं. त्याच व्यासपीठावर नौदलप्रमुखांनी थिएटर कमांडची बाजू घेतली. मतभेद उघड झाला म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. मला त्यात गैर वाटत नाही. हवाई दलाची अडचण खरी आहे. लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन (तुकड्या) मंजूर असताना सप्टेंबरमध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर 29 उरल्या, त्या तीन थिएटरांत वाटल्या तर हातात काय राहणार, ही चिंता त्यांनी करायची नाही तर कोणी? आणि एका आघाडीवर एकच सेनापती असावा हे म्हणणंही खरं आहे. यात कोण बरोबर हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण तीन बरोबरीचे प्रमुख एकमेकांचा हा वाद मिटवू शकत नाहीत, हे तर कोणत्याही एकत्र कुटुंबातल्या बाईला कळतं. दोन्ही बाजू ऐकून लोकांच्या वतीने निर्णय देणं हे निवडून आलेल्यांचं काम आहे. तो निर्णय पाच वर्षं अडकला आहे आणि त्याचं कारण आम्हाला कोणी सांगत नाही.

8 डिसेंबर 2021 रोजी पहिले सीडीएस जनरल रावत कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यांच्या जागी जनरल चौहान आले 30 सप्टेंबर 2022 रोजी. इतकं महत्त्वाचं म्हणून वीस वर्षं मागितलेलं पद जवळजवळ दहा महिने रिकामं राहिलं, तेही लडाखमध्ये सैन्य समोरासमोर उभं असताना. आमच्या डेपोत मुख्य स्टोअरकीपर रजेवर गेला तरी चार्ज कोणाकडे हे आदल्या दिवशी लिहून निघायचं.

ऑगस्ट 2023 मध्ये आंतरसेवा संस्थांचा कायदा झाला. तो चांगला आहे. संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला त्याच्या हाताखालच्या, दुसऱ्या दलाच्या माणसावरही शिस्तीचा अधिकार मिळाला. लोकसभेत तो 4 ऑगस्टला आणि राज्यसभेत 8 ऑगस्टला मंजूर झाला. मणिपूरवरून सभागृहात गोंधळ चालू होता आणि इतका मोठा बदल आवाजी मतदानाने निघून गेला. शिवाय हा कायदा शिस्तीपुरता आहे. युद्धात थिएटरच्या सेनापतीला आदेश मंत्री देणार की सीडीएस देणार, दलप्रमुखांकडे मग काय उरणार, याबद्दल त्यात काही नाही. अमेरिकेत 1980 ची इराणमधली ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली, 1983 मध्ये ग्रेनेडात दलांचं एकमेकांशी जमलं नाही, तेव्हा सेनादलांचा विरोध असतानाही तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सुनावण्या घेतल्या आणि 1986 मध्ये दलांना एकत्र आणणारा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा केला. आपण अमेरिकेची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. तिथे हे काम लोकप्रतिनिधींनी अंगावर घेतलं, एवढंच दाखवते आहे.

पैशाचं तर बोलायलाच नको. या वर्षीचा संरक्षणाचा अर्थसंकल्प 6.81 लाख कोटींचा आहे. 23 मार्च 2023 रोजी लोकसभेने सगळ्या मागण्या एकत्र, चर्चेविना मंजूर केल्या, 2018 मध्येही हेच झालं होतं. आम्ही एका स्टार्टरसाठी चार सह्या घ्यायचो.

आणि एक तक्रार जी लिहिताना माझा हात थरथरतो. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा माझा मुलगा समुद्रावर होता. चार दिवस फोन नाही. तो सुखरूप आहे हे कळलं, आणि त्याच आठवड्यात आमच्या चौकात एक फ्लेक्स लागला. मागे लढाऊ विमान, कोपऱ्यात जवान, आणि मधोमध एका स्थानिक नेत्याचा हात जोडलेला फोटो. सैनिकांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने 2013 मध्ये सांगितलं, 2019 मध्ये पुन्हा सांगितलं. निवडणूक नसताना मात्र कोणी विचारत नाही. सैन्याने राजकारणात पडू नये ही अट सैन्याने 78 वर्षं पाळली. राजकारणाने सैन्यात पडू नये ही त्या कराराची दुसरी बाजू आहे आणि ती पाळणं सर्व पक्षांकडे आहे. गणवेश एका पक्षाचा दिसायला लागला तर उद्या दुसऱ्या पक्षाचं सरकार आल्यावर माझ्या मुलाच्या सलामाचा अर्थ काय?

आपल्याकडे मागणं असं आहे.

थिएटर कमांडवर समितीने सुनावणी घ्यावी. तिन्ही दलप्रमुखांना, संरक्षण सचिवांना आणि सीडीएसना समोर बोलवावं. गोपनीय ते बंद दाराआड ठेवा, पण प्रत्येक दलाचा आक्षेप लेखी घ्या आणि त्यावर सरकारचं उत्तरही लेखी घ्या. सरकारने होय म्हणावं किंवा नाही म्हणावं, पण तारीख देऊन म्हणावं.

आदेशाची साखळी कायद्यात लिहावी. घटनेच्या कलम 53 मध्ये सैन्याचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित व्हावा असं म्हटलं आहे. त्या शब्दांना पुरेसा कायदा द्या, आणि त्यावर सभागृहात दोन दिवस पूर्ण चर्चा होऊ द्या.

राष्ट्रीय सुरक्षेचं धोरण लेखी करून त्याचा जाहीर करता येईल तो भाग छापावा. आजवर असा दस्तऐवज देशासमोर आलेला नाही. दलांनी कशासाठी एकत्र यायचं हे लिहिलेलंच नसेल तर ती कुठल्या नकाशावर एकत्र येणार?

सीडीएसचा उत्तराधिकारी मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी जाहीर करावा. जनरल चौहान यांची मुदत 30 मे 2026 पर्यंत वाढवली आहे. म्हणजे नाव फेब्रुवारी संपता संपता कळलं पाहिजे. पद अचानक रिकामं झालं तर हंगामी कोण, हेही आधीच ठरलेलं असावं.

मुंबई, गुवाहाटी आणि पोर्ट ब्लेअरला एकत्रित पुरवठा केंद्रं 2021 मध्ये सुरू झाली. ती बातमी वाचून मी आमच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले होते, इतका आनंद झाला होता. ती किती चालली, किती वस्तूंचा नंबर तिन्ही दलांत एक झाला, पुढची केंद्रं कधी, याचा वार्षिक हिशेब समितीने मागावा आणि अहवालात छापावा. हे सगळ्यात साधं काम आहे आणि यात कोणाचा मानापमान आड येत नाही.

गणवेश, विमानं, जहाजं आणि शहिदांचे फोटो कोणत्याही पक्षाच्या फलकावर बाराही महिने नकोत. यासाठी कायदा लागत असेल तर कायदा करा. तोवर आपण 31 जणांनी, सर्व पक्षांच्या, एकत्र सही करून आपापल्या पक्षाला तसं पत्र द्यावं. ते पत्र आम्हालाही दाखवावं.

हिवाळी अधिवेशन 1 डिसेंबरपासून आहे. महाराष्ट्रातल्या खासदारांच्या कार्यालयांत मी या पत्राच्या प्रती स्वतः नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. सवय आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त स्टोअरकीपर
पुणे